गावंडे ग्रेडर आणि थंड हवेचा प्रश्न

नारायणराव गावंडे कुठल्याही वस्तूबद्दल मत बनवायच्या आधी तिला चिमटीत धरतात. पडदा असो, पोळी असो, की कोणाच्या लग्नात आहेर म्हणून मिळालेला टॉवेल असो. अंगठा आणि दोन बोटं, डोळे अर्धवट मिटलेले, मान किंचित डावीकडे. मग निकाल. "सुपर." किंवा "एफएक्यू." किंवा ओठांचे कोपरे खाली ओढून, "कवडी."

आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या शेजारी राहायला गेलो, त्या पहिल्याच संध्याकाळी ते ओळख करून घ्यायला आले. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी तिच्या गादीला चिमटा घेतला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सरकी राह्यली आतमधी. फसवलं तुमाले." मग त्यांनी माझ्या हातचे पोहे खाल्ले. पोह्यांना एफएक्यू मिळाला. एफएक्यू म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी आनंदाने "थँक्यू" म्हटलं. त्याचा अर्थ "ठीकठाक, चालून जाईल असा माल" एवढाच होतो, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, कुंपणावरून सांगितलं. वर म्हणाल्या, "वाईट नका मानू बाई. लग्नाच्या वक्ती मलेबी तेच भेटलं होतं."

गावंडेभाऊ सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला मूठभर कापूस ओढून काढायचा, त्याची ओल, त्याचा धागा, त्यावरचा किडीचा डाग, सगळं बोटांनी बघायचं आणि मागच्या गाड्यांची रांग खोळंबू न देता त्याची प्रत सांगून मोकळं व्हायचं, हे त्यांचं काम. पातूर, बार्शीटाकळी, अकोट, जिथे पाठवतील तिथे ते दिवाळीनंतर निघायचे आणि उन्हाळा लागता लागता घरी यायचे. त्यांच्या निकालाचा वेग प्रसिद्ध होता. "निकालाले टाइम लागला की लोकाईले डाउट येते," हे त्यांचं तत्त्व. एकदा म्हणे एका गाडीची प्रत त्यांनी गाडीवानाने बैल सोडायच्या आत सांगितली होती. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, त्यामुळे त्यातला थोडा भाग एफएक्यू धरायला हरकत नाही.

असा हा माणूस आपल्या घराला कूलर लावावा की एसी, हे ठरवू शकला नाही. एक अख्खा उन्हाळा ठरवू शकला नाही. आणि त्यांच्याबरोबर आम्ही सगळे असे काही गोंधळलो, की त्या मे महिन्यात आमच्या गल्लीत कोणाला नुसतं "कसं काय?" विचारलं तरी तो "कूलरच बरा" असं उत्तर द्यायचा.

ती वर्षं आमच्या वऱ्हाडाला वाईट होती. कापसाचं सगळं गणित फिसकटलं होतं. खेड्याखेड्यांतल्या वाईट बातम्या आधी पेपरच्या पहिल्या पानावर यायच्या, मग आतल्या पानांवर जाऊ लागल्या. केंद्रांवर गाड्या कमी झाल्या, मग केंद्रंच कमी झाली, आणि गावंडेभाऊंनी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली. त्या वर्षी दिवाळी झाली आणि ते कुठेच गेले नाहीत. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे. हाताला काही नसलं की बोटं आपापसात चिमटे घेत राहायची. मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरात दोघंच.

मग त्यांनी घर दुरुस्तीला काढलं.

घर त्यांच्या वडिलांच्या वेळचं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. पुढच्या बैठकीचे कवेलू उतरवून त्यांनी स्लॅब टाकला. मागच्या स्वयंपाकघरावर टिनाचे पत्रे होते. ते पुढच्या वर्षी बघू म्हणाले. स्लॅब पडला, पाहुण्यांनी कौतुक केलं, आणि मार्चमध्येच लक्षात आलं की स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळला की खाली ओकतो. कवेलूखाली इतकी वर्षं सुखाने झोपलेले गावंडेभाऊ आता अंगणात खाट टाकू लागले. आणि नेमकं तेव्हाच भिंतींना गिलावा करायला आलेल्या देविदास मिस्त्रीने तो ऐतिहासिक प्रश्न विचारला.

"साहेब, भितीले कूलरचं भोक ठेवू का नको?"

"ठेव," भाऊ म्हणाले. मग म्हणाले, "थांब." मग म्हणाले, "पाहू."

देविदासने विटेएवढी जागा उकरून ठेवली आणि दुसऱ्या भिंतीकडे वळला.

बाहेरच्या माणसाला हे सोपं वाटेल. पण अकोल्यात ते सोपं नव्हतं. कूलरला पाणी लागतं, आणि आमच्या नळाला पाणी आठवड्यातून एखादे वेळी यायचं, तेही पाहुण्यासारखं, आल्या आल्या जायची घाई. एसीला पाणी लागत नाही. पण त्याला वीज लागते, आणि भारनियमन असं की दुपारच्या वेळी वीज नेमकी नसायचीच. "कूलर घेतला तं पाणी नाई, एसी घेतला तं लाइन नाई," भाऊ बोटं मोडत सांगायचे, "अन् काईच नाई घेतलं तं मी नाई." यावर काय बोलावं ते कोणालाच कळायचं नाही. मग प्रत्येकजण काहीतरी बोलायचा.

कोणी म्हणालं स्लॅबला वरून चुना फासा. कोणी म्हणालं ओली पोती पसरा. ओली पोती म्हटल्यावर पाण्याचा प्रश्न पुन्हा आला. कोणी म्हणालं खसाच्या ताट्या लावा, जुना उपाय, सुगंधही येतो. माझ्या नवऱ्याने एका संध्याकाळी कडुनिंब लावायचा सल्ला दिला, आणि त्याची सावली स्लॅबवर पडेल तोवर आपण सगळे कुठे असू, यावर त्या दोघांनी बराच वेळ गंभीर चर्चा केली. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून भाऊंनी मला छताची उंची, खोलीची लांबी आणि मे महिन्याचं तापमान देऊन उत्तर काढायला सांगितलं. मी म्हटलं, "भाऊ, याचं उत्तर निघत नाही." ते म्हणाले, "मंग तुमी शिकवता काय?"

शेवटी त्यांनी ठरवलं की आपल्याला जे येतं तेच करायचं. हवेची प्रत काढायची.

रशीदभाईंचं कूलरचं दुकान टिळक रोडच्या मागच्या गल्लीत. पत्रा कापून, चौकट जोडून, वुडवूलच्या ताट्या बसवून ते स्वतः कूलर बनवतात, आणि भाऊंची त्यांच्याशी जुनी दोस्ती. मी त्या दिवशी आमच्या कूलरची मोटर दुरुस्तीला दिली होती, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. भाऊंनी खिशातून कापसाचा एक बोंडाएवढा पुंजका काढला, तळहातावर ठेवला आणि चालू कूलरसमोर उभे राहिले. पुंजका उडून जिथे पडला तिथे बोट रोवून त्यांनी पावलांनी अंतर मोजलं. मग पुंजका उचलून दुसऱ्या कूलरसमोर.

"एफएक्यू," ते म्हणाले.

"क्या एफएक्यू भाऊ!" रशीदभाई दुखावले. "हे कूलर नाई, चिखलदरा आहे चिखलदरा! रातले चादर घ्या लागते."

"मंग तुह्या घरी कोन्ता आहे?"

रशीदभाई हातातला पाना पुसू लागले. "घरी पंखा आहे," ते म्हणाले. "जो बनला तो बिकला. घरी न्याले बचतच नाई."

या उत्तराने भाऊंचा गोंधळ दुप्पट झाला. जो माल बनवणारा स्वतः वापरत नाही त्याची प्रत काय धरायची? परत येताना रिक्षात ते एकदम म्हणाले, "बाई, हवा कापसासारखी नाई. चिमटीत येत नाई."

तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी देविदासला भोक पाडायला सांगितलं. भोक पडलं. चांगलं चौकोनी, कूलर आरपार बसेल असं. आणि त्याच संध्याकाळी अमरावतीहून सुमनवहिनींचे भाऊ, रमेशराव, यांचा फोन आला.

रमेशराव कॅम्पात राहतात आणि त्यांनी नवीनच एसी घेतला होता. नवीन एसी घेतलेल्या माणसाचं मन मोठं असतं. ते म्हणाले, "जावईबापू, आधी येऊन पाहा. एक रात झोपा. मंग बोला."

मला पेपर तपासायला अमरावतीला जायचंच होतं, म्हणून भाऊ माझ्याबरोबर एसटीने आले. वाटेत खिडकीतून येणाऱ्या गरम झळांकडे ते वैऱ्याकडे बघावं तसे बघत होते. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरले आणि रुमाल ओला करून डोक्यावर ठेवून परत आले. "हे सगळ्याईत स्वस्त," म्हणाले. मला वाटलं, प्रश्न सुटला. पण बडनेऱ्यापर्यंत रुमाल वाळला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीवर भाऊ भेटले ते गळ्याला मफलर गुंडाळून. मे महिन्यात, अमरावतीच्या स्टँडवर, मफलर. लोक थांबून बघत होते. नाक बंद, आवाज घोगरा.

"कसा होता एसी?" मी विचारलं.

"सुपर," ते म्हणाले. मग नाक पुसून, "पण बाई, दारं-खिडक्या लावून घ्या लागतात. रमेश एका कोपऱ्यात, त्याची बायको एका कोपऱ्यात, मी मधात. कोणी बोलेना. बाहीर कोन आलं, कोन गेलं, काई आयकूच नाई ये. मले वाटलं मी बहिरा झालो." त्यांनी मफलर नीट केला. "अन् लाइन गेली तं खोली अशी तापली जशी जिनिंगची."

"म्हणजे एसी नको?"

"मी कुठी म्हटलं नको? माल सुपर आहे. पण सुपर माल ठेवाले गोदाम पाहिजे."

घरी पोचले ते भोक बुजवायचं ठरवून. देविदास विटा घेऊन आला, तर भोकात मांजर व्यालेलं. तीन-चार पिल्लं, डोळे मिटलेली, सिमेंटच्या पोत्याच्या तुकड्यावर. देविदासने मांजरीला हुसकायला फळी उचलली.

"हात नको लावू," भाऊ म्हणाले.

"साहेब, गिलावा वाळून राह्यला. उद्या मले दुसऱ्या साइटवर जा लागते."

"जाय मंग. डोये उघडू दे त्याईचे."

तेवढ्या एका गोष्टीवर तोवरच्या उन्हाळ्यात त्यांनी चटकन निर्णय घेतला होता. पिल्लांचे डोळे उघडले, मांजरीने त्यांना तोंडात धरून आमच्या माळ्यावर हलवलं, आणि भोक पुन्हा रिकामं झालं. देविदासने अर्धं बुजवलं. मग रशीदभाई येऊन म्हणाले, गच्चीवर एकच मोठा कूलर ठेवा आणि पत्र्याच्या नळीतून हवा खाली सोडा. म्हणून अर्धं पुन्हा उकरलं. मग रमेशराव फोनवर म्हणाले, नळीतून पावसाळ्यात उंदीर येतात. म्हणून काम थांबलं. ते भोक शेवटी असं झालं होतं, की त्याला भोकही म्हणता येईना आणि भिंतही.

एव्हाना गावंड्यांच्या बैठकीत रोज दुपारी सभा भरायला लागली होती. गल्लीतली रिकामी माणसं, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. कोणाचा मेहुणा नागपूरला इंजिनीयर, त्याचं मत. कोणी राजस्थानला जाऊन आलेला, तिथल्या विटांची गोष्ट. भाऊ मधोमध बसून सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, मध्येच कोणाच्या बोलण्याला "कवडी" म्हणायचे आणि तो चिडला की त्याच्यासाठी आणखी पन्हं मागवायचे. पन्हं, चहा, कधी मुरमुऱ्याचा चिवडा, कधी भजी मागच्या दाराने येत राहायची. भजी बघून लोक उन्हाळ्याबद्दल अधिक कळकळीने बोलायचे.

मी एकदा सुमनवहिनींना विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं? कूलर की एसी?"

त्या कैऱ्या किसत होत्या. "मले काय वाटते? त्याईचं केंद्र बंद झालं, आता घरीच केंद्र उघडलं. गाड्या येऊन राहिल्या न रोज." आणि हसल्या. "राहू द्या. बोलून तं राहिले. मागच्या दिवाईपासून शब्द नोता तोंडात."

मला तेव्हा वाटलं की या घरात गोंधळ नाही तो एकाच माणसाला.

शेवटी रमेशराव म्हणाले, असं नाही चालायचं, मी रविवारी येतो, बसून एकदाचं ठरवून टाकू. भाऊ तयार झाले. रशीदभाईंना निरोप गेला, देविदासला निरोप गेला, गणितासाठी मला बोलावलं. मेहुणा येणार म्हणून सुमनवहिनींनी पुरणपोळी आणि आमरस केला. माझे यजमान गावाला गेले होते, ते वाचले असं तेव्हा मला वाटलं होतं.

त्या दिवसासारखं ऊन मी अकोल्यात पुन्हा पाहिलं नाही. ओट्याच्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. वीज होती, पण पंखा गरम हवा खाली ढकलत होता. पंगत बैठकीतच बसली. रमेशरावांनी एसीची बाजू मांडली. रशीदभाईंनी त्यांना अडवून कूलरची मांडली. एक पोळी आली. देविदास म्हणाला, जे काय करायचं ते करा पण भोकाचं सांगा. आणखी एक पोळी आली. मी कागदावर खोलीचं क्षेत्रफळ काढत होते. सुमनवहिनी दारातून यायच्या, ज्याचं ताट रिकामं त्याच्यात पोळी घालायच्या, वर तूप सोडायच्या आणि परत जायच्या. मी दोनदा उठायला लागले, तर त्यांनी हाताने खाली बसवलं. "बसा वो बाई. तुमी आज जज आहा."

भाऊ रंगात आले होते. त्यांनी हवेच्या तीन प्रती सांगायला घेतल्या: ओली हवा, कोरडी हवा, कोंडलेली हवा. रमेशराव म्हणाले हवेला प्रत नसते. रशीदभाई म्हणाले असते. आवाज चढले. हे किती वेळ चाललं कोण जाणे. मग रशीदभाई एकदम गप्प झाले आणि आपल्या ताटाकडे बघू लागले. ताट रिकामं होतं. सगळ्यांचीच ताटं रिकामी होती.

"भाभी?" त्यांनी हाक मारली.

आतून जळक्या पुरणाचा वास आला.

मी धावले. सुमनवहिनी स्वयंपाकाच्या ओट्याच्या पायाशी पडल्या होत्या, एका कुशीवर, लाटणं हातात तसंच. तव्यावरची पोळी कोळसा झालेली. अंग भाजत होतं, पण घाम एक थेंब नव्हता. वर पत्रे तडतड वाजत होते. मी गॅस बंद केला आणि माठातलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. माझ्या मागे भाऊ येऊन उभे राहिले होते. हातातली आमरसाची वाटी कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं. "सुमन," ते म्हणाले, "अवो सुमन, काहून पडली?" जसं काही त्या उत्तर देणार होत्या.

रशीदभाईंनी आपला माल पोचवायचा टेम्पो दारात आणला. चादरीत घालून आम्ही त्यांना चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले ऊन लागलंय, उष्माघात आहे, वेळेत आणलंत. सलाइन लावलं, अंगावर ओली फडकी टाकली. संध्याकाळी वहिनींनी डोळे उघडले. पहिलं वाक्य, "पोळी कमी तं नाई पडली?" रमेशराव बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

भाऊ कॉटशेजारी स्टुलावर बसले होते. बोटं एकदम शांत. मी त्यांना चहा आणून दिला, तो त्यांनी घेतला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, केंद्रावर मी कोणाच्या तोंडाकडे पाहत नोतो. फकस्त कापसाकडे. तोंड पाह्यलं की हात हालते, प्रत चुकते. सगळे म्हणत, गावंडे मोठा सच्चा ग्रेडर. तेच लागून गेलं अंगाले. घरी आलो, तं घरातबी तसाच वागलो."

मी चहा पुन्हा पुढे केला. यावेळी त्यांनी घेतला.

वहिनींना घरी आणल्यावर त्यांना आमच्याकडे, माळ्याखालच्या खोलीत निजवलं. तिथे त्यातल्या त्यात थंड होतं. स्वयंपाक मी करते म्हटलं. दुपारी ताट द्यायला गावंड्यांकडे गेले, तर बैठकीत कोणी नाही. स्वयंपाकघरात भाऊ उभे होते. ओट्यासमोर, गॅसची शेगडी पेटवून, त्यावर काही न ठेवता. नुसते उभे. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल, मानेवरून घामाचे ओघळ.

"भाऊ, काय करताय?"

"पाहून राहिलो."

"चक्कर येईल. बाहेर या."

"येऊ दे," ते म्हणाले. पण आले बाहेर. पुढच्या ओट्यावर बसले, डोक्यावरून तांब्याभर पाणी घेतलं आणि समोर गिलाव्याची हत्यारं आवरत असलेल्या देविदासला हाक मारली.

"इकडं ये. ह्या भितीले भोक पाड."

देविदास स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत राहिला. त्याने त्या उन्हाळ्यात बरंच सोसलं होतं. "साहेब, पक्कं?"

"पाड."

"मंग बैठकीचं?"

"बैठकीले काय धाड भरली? बैठकीत कोन काम करते?"

त्याच दिवशी टिनाच्या खाली देविदासने बांबू टाकून तट्ट्यांचं छत बांधलं आणि संध्याकाळपर्यंत रशीदभाई दुकानातला सगळ्यात मोठा कूलर टेम्पोत घालून घेऊन आले. भाऊंनी त्याच्यासमोर कापसाचा पुंजका धरला नाही. अंतर मोजलं नाही. पाणी मात्र स्वतः आणलं, गल्लीच्या टोकाच्या हातपंपावरून, दोन्ही हातांत बादल्या घेऊन, इस्त्रीच्या शर्टात.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गावंड्यांच्या घरात कुठलाही निर्णय असा सरळ पार पडत नाही.

सुमनवहिनी बऱ्या होऊन घरी गेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी शेगडी पेटवली, भाऊंनी कूलर सुरू केला, आणि शेगडी विझली. पुन्हा पेटवली. पुन्हा विझली. रशीदभाईंचा कूलर खरोखरच चिखलदरा होता. "अजी, बंद करा तो!" वहिनींचा आवाज आमच्या अंगणात आला. "वरण कच्चं राहून राह्यलं!" कूलर बंद केला की घामाच्या धारा, चालू केला की ज्योत गुल. दुपारी लगेच सभा भरली. कोणी म्हणालं कूलर छताजवळ चढवा. कोणी म्हणालं शेगडी दुसऱ्या भिंतीला न्या. रमेशरावांनी अमरावतीहून फोनवर सांगितलं, काचेचा पडदा लावा. देविदास आपली पिशवी उचलून न सांगता निघून गेला, आणि मला वाटलं, झालं, आता पुढचा उन्हाळा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी त्यांच्याकडे विरजणाला दही मागायला गेले. बैठकीत शुकशुकाट. स्वयंपाकघरातून कूलरची घरघर आणि त्याच्यावर चढवलेला भाऊंचा आवाज येत होता. दारातून बघितलं, तर वहिनी भाकरी थापत होत्या, पदर वाऱ्याने उडत होता, कपाळ कोरडं. आणि भाऊ ओट्याला खेटून, कूलर आणि शेगडी यांच्या बरोबर मध्ये, कूलरकडे पाठ करून उभे होते. शर्ट शिडासारखा फुगलेला. केस पुढे आलेले. त्यांच्या पोटाच्या आडोशाला शेगडीची ज्योत निळी, शांत जळत होती.

"जरा इकडं सरका," वहिनी म्हणाल्या. भाऊ सरकले.

"आता तिकडं." भाऊ तिकडे सरकले.

मला बघून वहिनी म्हणाल्या, "पाहा बाई. सकाळपासून उभे आहेत. बसा म्हणते तं आयकत नाई. अन् तोंड बंद नाई. ते पातूरचं केंद्र, तो अकोटचा बैल उधळला तो, त्या गाडीवाल्याची म्हतारी... येवढ्या वर्षात मले कधी सांगतलं नाई. आता आयकता आयकता माह्यी भाकर जळते."

"मंग त्या म्हतारीनं काय केलं मालूम आहे?" भाऊ म्हणाले. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते वहिनींच्या तोंडाकडे बघून बोलत होते.

"काय केलं?" वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली.

तेवढ्यात वीज गेली. कूलरचा पंखा हळूहळू मंदावला, कुरकुरला आणि थांबला. भाऊंचा फुगलेला शर्ट पाठीवर येऊन बसला. खोलीत एकदम शांत झालं, आणि शेगडीची ज्योत आडोशाशिवायही सरळ जळायला लागली.

वहिनींनी वर बघितलं, भाऊंकडे बघितलं. ते होते तिथेच उभे होते.

"त्या म्हतारीनं," ते म्हणाले, "आपल्या पदरातली गुळाची खडी काढली..."

वहिनींनी भाकरी उलटली. मी दही न मागताच परत आले.